दया येणारी नको

माणसं ओळख करून देताना आधी नाव सांगतात, मग गाव. ती आधी आजार सांगायची. "मला फिट येती," म्हणायची आणि समोरच्याचं तोंड नीट बघून घ्यायची. त्या तोंडावर काय उमटतं त्यावरून पुढं नाव सांगायचं की नाही हे ठरायचं. कित्येकांना तिचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही, कारण ते सांगायच्या आतच त्यांनी काढता पाय घेतलेला असायचा.

मला तिनं हे साताऱ्यात एका घराच्या जिन्यावर सांगितलं. मी कवठे महांकाळकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. आमच्यात पदवीच्या पुढं शिकायला गाव सोडलेली मी पहिलीच. साताऱ्यात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, हॉस्टेलवर जागा मिळाली नाही, म्हणून एका निवृत्त सुभेदाराच्या घराचा वरचा मजला तिघींनी मिळून घ्यायचं ठरलं होतं. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन वर चढत होते आणि ती खाली येत होती. उंच, सडपातळ, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, भुवईच्या वर खोक पडल्याचा जुना व्रण.

"तू कवठ्याची का? मी सांगलीजवळची. मला फिट येती."

मी म्हटलं, "आत्ता?"

ती हसली. "आत्ता न्हाई. कवा येईल सांगता येत न्हाई. आण ती पिशवी हिकडं."

वर झोपायच्या दोन खोल्या होत्या. एक मोठी, दोन खिडक्यांची, किल्ल्याकडं तोंड असलेली. दुसरी स्वयंपाकघराला लागून, एका माणसापुरती, पण दाराला आतून भक्कम कडी. आमच्यातली तिसरी खंडाळ्याची होती, वकिली शिकायला आलेली. तिला छोटी खोली हवी होती, कारण फोनवर बोलायला निवांतपणा लागायचा. आणि हिलाही छोटीच हवी होती.

"मला एकटीला झोपायचं हाय," ती म्हणाली. "जन्मल्यापासनं माझ्या खोलीत कोण ना कोण झोपतंय. आधी आई, मग आज्जी, मग चुलती. मी कूस बदलली तरी उठून बसत्यात. आता मी कडी लावून झोपणार."

 फिट हा शब्द ऐकल्यापासून खंडाळ्याची आमच्यापासून हातभर लांबच उभी होती.

सांगलीवालीला सोडायला तिचे वडील आले होते. सांगलीकडच्या जैन शेतकऱ्यांच्या घरांत वडिलांना म्हणतात तसं त्यांना सगळे आण्णाच म्हणत. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, हळदीची शेती. त्यांचा आवाज इतका बारीक की रस्त्यावरून रिक्षा गेली तर त्यांचं निम्मं वाक्य तिच्याबरोबरच जायचं. त्यांनी मला गच्चीत बोलावलं.

"ताई, एक काम हाय तुमच्याकडं. तिला एकटीला झोपू देऊ नका. डॉक्टरांनी सांगितलंय. तुमी तिच्या खोलीत झोपा. मी सांगितलं म्हणून तिला कळू देऊ नका. आणि फिट म्हणून कुणाजवळ बोलू नका. चक्कर म्हणा. लग्नाची पोर हाय."

"आण्णा, तिनं आम्हाला सांगितलंय. सुभेदारांनाही सांगितलं."

त्यांनी खाली मान घातली. "सुभेदारांना कळलं न्हाई ते," म्हणाले.

ते खरं होतं. सुभेदार तोफखान्यातले. तोफांनी त्यांचा एक कान नेला होता आणि दुसराही रजेवरच असायचा. तिनं अंगणात उभं राहून "मला फिट येती" असं सांगितल्यावर त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली होती आणि "फिट रहना चाहिए, माणसानं फिटच असावं," असं म्हणून तिला आवळ्याचा रस प्यायला दिला होता.

संध्याकाळी मी आईला फोन केला. आमच्या आईला कुठलीही गोष्ट घोळवून सांगायची सवय नाही. "बाहेरचं असतंय ते," ती म्हणाली. "तिच्या हांतरुणाला हांतरूण लावू नगंस. हॉस्टेलात जागा हुईस्तवर थांब कुठंतरी, न्हाईतर ये माघारी."

मी फोन ठेवला तेव्हा मला एक जुनी जत्रा आठवत होती. लहानपणी तिथं एका माणसाला फिट आलेली मी पाहिली होती. तो माणूस कसा दिसत होता हे आता आठवत नाही. त्याच्याभोवतीची माणसं मात्र आठवतात. एकानं त्याच्या नाकाशी चप्पल धरली होती, दुसरा त्याच्या दातांत चावी घालत होता, आणि बाकीचे वाकून वाकून बघत होते. मला भीती वाटली होती ती त्या वाकलेल्या माणसांची.

ती छोट्या खोलीत झाडू मारत होती. मी दारात उभी राहिले.

"तुझ्या आण्णांनी मला तुझ्या खोलीत झोपायला सांगितलंय. आणि तुला सांगू नको म्हणाले."

झाडू थांबला. "मग सांगितलंस कशाला?"

"गुपचूप राखण मला जमणार नाही. आमच्या घरात मेंढरांची राखण करतात, पण मेंढरांनाही ते माहीत असतं."

ती भिंतीला टेकून बसली.  मग मी विचारलं, "डॉक्टरांनी खरंच सांगितलंय?"

"सांगितलंय."

"मग कडी लावू नकोस. मोठ्या खोलीत ये."

"तू म्हणतीस ते आण्णांच्या तोंडचं. तुझं तुला काय वाटतंय? माझ्याबरोबर एका खोलीत झोपायचं हाय का तुला?"

"भीती वाटते," मी म्हटलं.

"कशाची?"

"तुला फिट आली तर मला काय करायचं ते कळणार नाही, याची."

"ते शिकवता येतंय," ती म्हणाली. "भीती वाटणारी चालंल. दया येणारी नको. आमच्या घरात चौदा माणसं हायत आणि सगळ्यांना माझी दया येती. जेवताना सुद्धा येती."

मग तिनंच मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. घोरतीस का, लाइट लावून झोपतीस का, उठल्या उठल्या बोलायला लागतीस का. मी सांगितलं की मी झोपेत दात खाते. करकर आवाज येतो, बहिणी वैतागतात.

"मग ठीक हाय. तुझे दात, माझी फिट," ती म्हणाली आणि झाडू घेऊन मोठ्या खोलीत गेली. छोट्या खोलीची कडी खंडाळ्याच्या पोरीनं त्याच दिवशी लावली.

मी आईला एवढंच कळवलं की हांतरुणाला हांतरूण लावलंय. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

तिच्याबरोबर राहायचं म्हणजे खोलीचाच नकाशा बदलायचा. तिनं सुभेदारांच्या लोखंडी कॉटा गच्चीवर नेऊन ठेवल्या आणि गाद्या जमिनीवर घातल्या. टेबलाच्या चारी कोपऱ्यांना जुन्या गोधडीचे तुकडे बांधले. काचेचं भांडं घरात नको, सगळं स्टीलचं. जेवण दिवस मावळायच्या आत. खंडाळ्याचीला वाटायचं हे जैनांचं व्रत. तिनं एकदा विचारलं तर ही म्हणाली, "देवासाठी न्हाई, गोळीसाठी. रिकाम्या पोटी गोळी घेतली तर मळमळतंय. आमचा देव आणि डॉक्टर एकाच मताचे निघाले, त्याला मी काय करू?"

आज्जीच्या घरातला कांद्याचा किस्सा ती फार रंगवून सांगायची. त्यांच्या घरात कांदा शिजत नाही, आणला जात नाही, त्याचं नावसुद्धा कुणी काढत नाही. पण हिला फिट आली की नाकाला लावायला कांदा पाहिजे, असं आज्जीचं ठाम मत. मग चुलता पळत पलीकडच्या गल्लीतून कांदा आणायचा, तो फोडून हिच्या नाकाशी धरायचे, आणि नंतर आज्जी सगळं घर धुऊन घ्यायची. "माझ्यापायी त्या घराला कांदा लागला," ती म्हणायची, "आणि मी शुद्धीवर आलो की पहिला वास त्याचा. मला वाटायचं फिट म्हणजे कांदाच."

'मी आलो' म्हणायची ती. आमच्या भागातल्या बायका अशाच बोलतात, मी जातो, मी जेवतो. साताऱ्यात आल्यावर मी हळूहळू जाते-येतेवर आले. तिनं तो प्रयत्नही केला नाही. ती गणितात एम.एस्सी. करत होती. एकदा वर्गात ती फळ्यावर उदाहरण सोडवून म्हणाली, "आता मी दोन्ही बाजू सारख्या करतो." पोरं हसली. सरांनी "करते म्हणावं" असं सुचवलं. ती खडू हातात धरून म्हणाली, "सर, उत्तर चुकलंय का?" उत्तर बरोबर होतं. "मग मी करतो," म्हणून तिनं पुढची ओळ लिहिली.

फिट आली तर काय करायचं, हे तिनं खरोखरीच शिकवलं. एका रविवारी सकाळी तिनं मला आणि खंडाळ्याचीला मोठ्या खोलीत उभं केलं आणि स्वतः जमिनीवर आडवी झाली. खंडाळ्याचीला यायचं नव्हतं. "तुझी खोली वेगळी असली तरी नळ एकच हाय," असं सांगून तिला ओढून आणलं होतं.

"बघा, मी पडलो," ती डोळे मिटून म्हणाली. "आता काय करणार?"

"हात धरायचे?" खंडाळ्याचीनं विचारलं.

"धरायचे न्हाईत. माझे हात मला हलवू दे. आजूबाजूचं सामान काढ. डोक्याखाली काहीतरी मऊ घाल. तोंडात काही घालायचं न्हाई, पाणी न्हाई, चमचा न्हाई. घड्याळ बघायचं. हलणं थांबलं की कुशीवर वळवायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी बोलवायची. चल, कर."

खंडाळ्याची गुडघ्यांवर बसली, तिच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि मी तिला कुशीवर वळवायला लागले. ती इतकी मन लावून पाय झाडत होती की आम्हाला दोघींना हसू यायला लागलं. त्याच वेळी टाकी भरल्याचं सांगायला सुभेदार वर आले. त्यांनी दारातून हे पाहिलं. एका क्षणात पायातली चप्पल काढून ते आत धावले आणि ती तिच्या नाकाशी नेली.

ती उठून बसली. "सुभेदारसाहेब, चप्पल पायात घाला," तिनं त्यांच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. "आज खोटी हाय. मला फिट येती, आकडी येती आकडी, हे मी तुमाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

त्यांना यावेळी नीट ऐकू आलं. चप्पल हातात घेऊनच ते खाली गेले. दुपारी काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, वर येऊन म्हणाल्या, "ह्यांनी सांगितलंय, महिनाअखेर दुसरी जागा बघा."

खंडाळ्याची लगेच मोबाइलवर खोल्या शोधायला लागली. मीही हॉस्टेलच्या यादीचा विचार करत होते. तिनं वेणी घट्ट केली, ओढणी घेतली आणि खाली गेली. मी मागोमाग गेले. सुभेदार ओसरीत खुर्चीवर बसले होते. ती समोरच्या पायरीवर बसली.

"कारण सांगा," ती म्हणाली.

"काकूनं सांगितलं न्हवं?"

"काकूंनी निरोप सांगितला. कारण सांगितलं न्हाई. भाडं वेळेवर हाय, दंगा न्हाई, कोण पोरगा येत न्हाई. कारण तुमच्या तोंडानं सांगा, मी उठून जातो."

ते रस्त्याकडं बघत राहिले. ती तिथंच बसून राहिली. काकूंनी दोनदा दारातून डोकावलं. मला वाटत होतं, हिला धरून वर न्यावं. पण धरायचं नाही हे मी सकाळीच शिकले होते.

"जिम्मेदारी हाय पोरी," शेवटी ते म्हणाले. "काय झालं तर?"

"मी तुमची जिम्मेदारी न्हाई. मी भाडेकरू हाय. काय झालं तर ते मला होणार, तुमाला न्हाई."

मग सुभेदार बोलायला लागले. त्यांच्या तुकडीत एक जवान होता, आपल्याच भागातला. कसरतीच्या मैदानावर त्याला पहिली फिट आली. नंतर पुन्हा आली. मेडिकल बोर्डानं त्याला घरी पाठवायचं ठरवलं. "स्टेशनला मीच सोडाय गेलो. ट्रंक मीच डब्यात ठेवली. त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. सगळ्यात चांगला नेमबाज होता तो आमच्यातला." 

तिनं विचारलं, "मग आता माझी बॅग पण तुमीच स्टँडवर नेऊन ठेवणार का?"

 ती उठली आणि वर आली. वर आल्यावर मी पाहिलं, तिचे दोन्ही हात थरथरत होते. मी घाबरले. "फिट न्हाई," ती म्हणाली. "हा राग हाय. फरक कळायला पाहिजे तुला आता."

सुभेदारांनी आपला शब्द मागं घेतल्याचं कधीच सांगितलं नाही. दोन दिवसांनी मात्र ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वर आले, बाथरूमची आतली कडी उखडून काढली, आणि बाहेर दोरीनं एक पुठ्ठा टांगला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अंदर आदमी है'. ती म्हणाली, आदमी कशाला, बाई लिहा. ते म्हणाले, "फौजेत सगळ्यांना आदमीच म्हणत्यात." महिनाअखेर आली आणि गेली. कुणी विषय काढला नाही.

खरी फिट मी पहिल्यांदा पाहिली ती एका साध्या सकाळी. ती केस विंचरत होती आणि मला दळण आणायला सांगत होती. बोलता बोलता वाक्य अर्ध्यात थांबलं. फणी हातातून पडली. मग ती पडली. गादी जवळ होती म्हणून बरं. शिकवल्याप्रमाणे मी सगळं केलं. उशी सरकवली, फणी लांब केली, घड्याळाकडं पाहिलं. तो काटा इतका हळू चालू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. थांबल्यावर तिला कुशीवर वळवलं, ओठांच्या कडेची लाळ पुसली आणि शेजारी बसून राहिले. बाहेर भाजीवाला ओरडत होता. तो ओरडतोय याचा मला आधार वाटला.

खूप उशिरानं तिनं डोळे उघडले. "किती वेळ?" विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाली, "तोंड कसं केलं होतंस?"

"घाबरलेलं."

"दुसरं काही न्हाई?"

"नाही."

"बरं," म्हणून ती परत झोपली. उठल्यावर पहिला प्रश्न, दळण आणलंस का.

असं नाही की तिला कशाचंच काही वाटायचं नाही. एकदा तिला सातारा स्टँडवर फिट आली. नंतर आम्ही बाकावर बसलो होतो. तिच्या केसांत धूळ होती, जीभ चावली गेल्यामुळं ओठाला रक्त लागलं होतं. शेजारच्या बाकावरची बाई दुसरीला हळू आवाजात म्हणाली, "बिचारी. कोण करून घेणार हिला?"

ती वळली. "काय म्हणालात? मोठ्यानं बोला. मला फिट येती, मी बहिरी न्हाई."

"काही नाही गं बाई."

"काही न्हाई कसं? कोण करून घेणार म्हणालात. मी काय सोसायटीच्या गोदामातलं खत हाय, कुणी उचलून न्यायला?"

त्या दोघी पिशव्या उचलून दुसरीकडं गेल्या. ती ताठ बसून राहिली. गाडी लागली, आम्ही चढलो, उंब्रज गेलं, कराड आलं, तेव्हा कुठं तिनं खिडकीकडं तोंड केलं आणि ओढणीनं डोळे पुसले.  माझ्याकडं खारे दाणे होते, ते तिच्या मांडीवर ठेवले.

दोन्ही वर्षं आम्ही त्या मोठ्या खोलीत काढली. दुसऱ्या वर्षी मला हॉस्टेलवर जागा मिळाली होती. मी ती घेतली नाही, आणि आईनं का विचारल्यावर मी पहिल्यांदाच तिला म्हटलं की माझं मी ठरवलंय. आज मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. ती सांगलीत एका कॉलेजात गणित शिकवते. नवीन डॉक्टरांनी गोळ्या बदलल्यापासून फिट क्वचितच येते. त्यांनी परवानगी दिल्यावर तिनं दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि मला फोन केला, "आज कडी लावून झोपणार." लग्न केलं नाही. विचारणारे नंतर आले, त्यांतल्या दोघांना तिनंच नको म्हटलं. "एकाला माझी फारच दया येत होती," असं तिचं म्हणणं.

पण तिचं लग्न ज्या दिवशी मोडलं, खरं म्हणजे जमायच्या आधीच मोडलं, तो दिवस सांगायला हवा. मी तिथं होते.

शेवटच्या वर्षी सुट्टीत तिनं मला घरी बोलावलं. "हुरडा खायला ये," म्हणाली. गेले तर हुरडा कुठला, पाहुणे येणार म्हणून घरभर धावपळ. आण्णांनी आम्हाला दोघींना माजघरात घेतलं आणि नेहमीच्या बारीक आवाजात हात जोडले. "बाळ, आज फक्त गप्प बस. मुलगा इंजिनिअर हाय, माणसं चांगली हायत. लग्नानंतर सांगू. हळूहळू समजून घेतील."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. "हळूहळू कशी समजून घेतील आण्णा? फिट काय हळूहळू येती?"

त्यांनी हात सोडले नाहीत. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आईनं तिला मोरपंखी साडी नेसवली. मी निऱ्या धरल्या. त्या वेळी मीही तिला काही सुचवलं नाही. तो निर्णय तिचा होता.

पाहुणे बैठकीत बसले. मुलगा, त्याचे आईवडील, एक मामा. मामाच जास्त बोलत होते. ती पोह्यांच्या बश्या ठेवून समोर बसली. शिक्षण विचारून झालं, उंची विचारून झाली. मामांनी पोह्यांचा घास घेत विचारलं, "मग, काय काय येतं मुलीला?"

"सैपाक येतो," ती म्हणाली. "शिवण येतं. गणित चांगलं येतं. आणि फिट येती."

मामा हसले. मग हसायचं थांबले. मुलाची आई म्हणाली, "चेष्टा करतेय का मुलगी?"

सगळे आण्णांकडं बघायला लागले. चुलते, आज्जी, ती, मी, सगळेच. मला आजही वाटतं, त्या क्षणी आण्णांना दार उघडं होतं. हो, चेष्टेखोर आहे पोरगी, एवढं म्हटलं असतं तर गोष्ट हसण्यावारी गेली असती आणि लग्न कदाचित जमलंही असतं. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. त्यांचे ओठ हलले, पण शब्द कुणाला ऐकू आले नाहीत.

"काय म्हणालात?" मामांनी विचारलं.

"आण्णा, मोठ्यानं," ती म्हणाली. तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. लहान मुलाला पाढा म्हणायला सांगावं तशी ती म्हणाली.

"खरं हाय ते," आण्णा म्हणाले. "सहा वर्षांची असल्यापासनं येती. औषध चालू हाय. वर्गात पहिली असती. लपवायचं माझ्या मनात होतं, तिच्या नव्हतं."

मुलानं मान वर करून तिच्याकडं एकदा पाहिलं, काहीतरी विचारावं असं त्याला वाटत असावं. पण त्याची आई उठली होती. मामांनी बशी खाली ठेवली. "कळवतो," म्हणाले. पाचच मिनिटांत गाडी अंगणातून बाहेर पडली. आज्जीनं पदर डोळ्यांना लावला. चुलते तिच्यावर तोंड सोडायला लागले, घराची अब्रू, धाकट्या बहिणींची लग्नं. ती मोरपंखी साडीत तशीच बसून होती, पाठ ताठ. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

आण्णा बाहेर अंगणात गेले. फाटक उघडंच राहिलं होतं, ते लावायला. कुंपणाच्या पलीकडं शेजारचे गृहस्थ उभे होते. गाडी आल्यापासून त्यांचं लक्ष इकडंच होतं.

"काय आण्णा, पाव्हणे एवढ्यात गेले?" त्यांनी विचारलं.

आम्हाला सगळं आतून ऐकू येत होतं, कारण त्या दिवशी आण्णांचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला.

"गेले. पोरीला फिट येती म्हणून गेले," ते म्हणाले. "पोहे लय उरल्यात. वहिनींना घेऊन या खायला."

चुलते बोलायचे थांबले. ती उठली, पाहुण्यांच्या उष्ट्या बश्या उचलून मोरीत ठेवल्या आणि पातेलं परत गॅसवर चढवलं. शेजारचे दोघं आले. आण्णांनी त्यांना पाहुण्यांच्या जागी बसवलं, आणि तिनं सगळ्यांना गरम पोहे वाढले.